गहुलीची नाईकी

यवतमाळहून पुसदला जायचे तर दारव्हा-दिग्रसवरून एक रस्ता आहे आणि आर्णीवरून दुसरा. कुठल्याही रस्त्याने निघा, दिग्रस-आर्णी मागे पडली की जमिनीचा रंग पालटू लागतो. नदीकाठची काळी, भारी जमीन मागे राहते. पुढे उताराची मुरमाड, तांबूस, एक वीतभर खोल जमीन लागते. अधूनमधून साग, पळस, मोह, तेंदू. पूस नदीच्या खोऱ्यात पुसद शहर वसले आहे, आणि त्याच्या चहूबाजूंना डोंगर आहेत. पैनगंगा ओलांडली की पलीकडे नांदेड जिल्हा आणि माहूरचा गड.

या मुलखात गाव आणि तांडा वेगळा ओळखायला फार शहाणपण लागत नाही. गाव खाली असते, नदी-नाल्याच्या काठी, काळ्या जमिनीला धरून. तांडा वर असतो, उतारावर, मुरमावर. गावात शिरताना आधी पार, देऊळ आणि पाटलाचा वाडा दिसतो. तांड्यात शिरताना सेवालाल महाराजांचे पांढरे निशाण दिसते आणि पहिली चौकशी होते ती अशी की, नायकाकडे आला काय?

मी कृषी विस्ताराच्या कामात या भागात बरीच वर्षे काढली. बियाण्याच्या, बांधबंदिस्तीच्या, औषध फवारणीच्या याद्या करता करता आडनावांशी ओळख होते. तांड्यांच्या याद्यांत राठोड, चव्हाण, पवार, जाधव, आडे अशी आडनावे पानोपानी येतात. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे एक घराणे मात्र नाईक या नावाने ओळखले जाते. हे घराणे मूळचे राठोडच. नाईक हे त्यांचे कूळ नव्हे, ती पदवी आहे. तांड्याचा पुढारी तो नायक, मराठीत नाईक. पिढ्यान्‌पिढ्या पदवी एका घरात राहिली आणि शेवटी तिचेच आडनाव झाले. आपल्याकडे देशमुख, देशपांडे, कुळकर्णी, पाटील ही आडनावे अशीच झाली. परंतु देशमुखीच्या मागे सनद होती, वतन होते, सरकारी दफ्तर होते. नाईकीच्या मागे काय होते? हा प्रश्न माझ्या मनात फार दिवस घोळत होता, म्हणून हा लेख.

नायक या शब्दाचा मूळ अर्थ नेणारा. बंजाऱ्यांच्या बाबतीत तो अक्षरशः खरा आहे. बंजारा म्हणा, लमाण म्हणा, ते स्वतःला गोर म्हणवतात. आगगाडी आणि पक्के रस्ते येण्यापूर्वी या देशातले धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवरून फिरे, आणि तो व्यापार त्यांच्या हाती होता. त्याला लदेणी म्हणत. एका तांड्यात शेकडो, कधी हजारो बैल. पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाने १६३२ साली उत्तर हिंदुस्थानात वाटेत एक तांडा पाहिला, त्यात चौदा हजार बैल होते असे त्याने लिहून ठेवले आहे. ज्याच्या दावणीला दोन बैल आहेत त्याला त्यांच्या चाऱ्या-पाण्याची काळजी काय असते हे ठाऊक आहे. मग चौदा हजार बैलांना रोज पाणी कुठे पाजायचे, कुठल्या गायरानात उतरवायचे, कुणाचे पीक तुडवले गेले तर भरपाई कशी द्यायची, पाऊस कधी लागेल, त्याआधी कुठे थांबायचे, याचा हिशेब ज्याच्या डोक्यात तो नायक. रात्री मुक्कामावर गोण्या एकावर एक रचून त्यांचाच कोट करीत. मुक्काम कुठे करायचा हे नायक ठरवी.

वाटेत तंटा झाला तर न्यायही त्याचाच. एकट्याचा नव्हे. सोबत कारभारी असे, जाणती मंडळी असत, ती सगळी बसून निवाडा करीत. त्या बैठकीला नसाब म्हणतात. नायकाचा मुलगा बहुधा नायक होई. वाट, पाणवठे, व्यापारी, राजेरजवाड्यांच्या ओळखी हे सारे शिकायचे ठिकाण म्हणजे बापाचे बोट, दुसरी शाळा नव्हती. पण मुलगा नादान निघाला तर तांडा दुसऱ्याकडे वळू शकत होता. ज्याला वाट माहीत नाही त्याच्या मागे बैल घेऊन कोण जाणार?

तांड्याच्या बैलांत एक बैल बालाजीला सोडलेला असे. त्याच्या पाठीवर ओझे कधी घालीत नसत. त्याला लाल कापड, घुंगरू, कवड्या यांनी सजवीत आणि तो आपल्या मर्जीने चाले. घरात कुणी आजारी पडले तर या बैलाच्या पायाशी आणून नवस बोलत. पोळ्याला बैलाची पूजा करणाऱ्या आपल्या वाचकांना हे निराळे सांगायला नको.

आता सनदेची गोष्ट. वऱ्हाडच्या पोलीस खात्यात कंबरलेज नावाचा इंग्रज अधिकारी होता. त्याने गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात बंजाऱ्यांविषयी एक टिपण लिहिले, आणि पुढे रसेल याने १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या जाती-जमातींच्या मोठ्या ग्रंथात ते वापरले. त्यात अशी हकिगत आहे की, १६३० च्या सुमारास शहाजहानचा वजीर असफखान दक्षिणेत फौज घेऊन आला तेव्हा फौजेच्या रसदीला बंजारे होते. राठोडांचे नायक जंगी आणि भंगी यांच्याकडे एक लाख ऐंशी हजार बैल, आणि भगवानदास नायकाकडे बावन्न हजार. आकडे मोठे आहेत, पण ते परंपरेने चालत आलेले आकडे आहेत, तसेच घ्यावेत. फौजेबरोबर बैल राहिले पाहिजेत म्हणून असफखानाने राठोड नायकांना ताम्रपट दिला, त्यावर सोन्याची अक्षरे. रांजणातले पाणी घ्यावे, छपरावरचे गवत बैलांना घालावे, दिवसाला तीन खून माफ, आणि जिथे असफखानाचे घोडे तिथे या नायकांचे बैल, असा त्याचा आशय. गावाला पाणी आणि छपराचे गवत किती मोलाचे असते, ते दुसऱ्याला उचलून देणारा वजीर दिल्लीचा आणि सोसणारा रयत इकडचा, हा भाग वेगळा. असो. हा ताम्रपट त्या घराण्यात जपून ठेवला होता. हैद्राबाद दरबार ते घराणे मानीत असे आणि घराण्यातला कर्ता पुरुष वारला की त्याच्या वारसाला निजामाकडून खिलतीची वस्त्रे मिळत, असेही त्या नोंदीत आहे.

ही झाली एका थोर घराण्याची सनद. डोंगरदऱ्यांतल्या शेकडो तांड्यांच्या नायकांना असला ताम्रपट कुणी दिला नव्हता. तांड्यातली माणसे नायक म्हणत, एवढीच त्यांची सनद.

बंजाऱ्यांच्या बैलांशिवाय त्या काळची कुठलीच फौज हलत नव्हती, मग ती मोगलांची असो, मराठ्यांची असो की इंग्रजांची. १८०३ साली आर्थर वेलस्ली भोसले-शिंद्यांच्या पाठीवर वऱ्हाडात आला. २९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातल्या अडगावची लढाई झाली आणि १५ डिसेंबरला गाविलगड पडला. त्याच्या फौजेला धान्य पुरवणाऱ्यांत बंजारे होते. तो वेलस्ली पुढे १८१४ साली ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. ती पदवी वंशपरंपरेची, त्याच्या घराण्यात आजही एक ड्यूक आहे. त्याच्या शिपायांच्या पोटाला ज्वारी पोचवणारे नायक कोण, त्यांची नावे कुठल्याही इतिहासाच्या पुस्तकात शाळेतल्या मुलाला सापडायची नाहीत.

१८६७ साली आगगाडी नागपूरला पोचली आणि लदेणीचा कणा मोडला. हजार बैलांचे ओझे एक मालगाडी एका दिवसात नेऊ लागली. मिठाचा व्यापार हातचा गेला. तांडा थांबला. नायकापुढे नवा प्रश्न आला : आता बसायचे कुठे? काळी जमीन आधीच पाटील-कुणब्यांकडे लागलेली. उरले होते ते डोंगराचे उतार, जंगलाची कड, मुरमाड पडीत. १८५३ पासून वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले होते. १८६५ साली पडीत जमिनीचे नियम झाले आणि ओसाड गावे इजाऱ्याने लागवडीला देणे सुरू झाले. कापसाला भाव होता, सरकारला सारा हवा होता. वऱ्हाडाच्या या दक्षिण-पूर्व टोकाला अशी पडीत गावे पुष्कळ होती. तेव्हा या जिल्ह्याला वणी जिल्हा म्हणत. पुसद तालुका वाशीम जिल्ह्यात होता. १९०५ साली वाशीम जिल्हा मोडला, पुसद इकडे जोडला गेला आणि जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले.

तांडे उतारावर का आहेत, याचे उत्तर इथे आहे. पुष्कळ शिकलेली माणसेही म्हणतात की लमाणांना डोंगर आवडतो. मला ते पटत नाही. उरलेली जमीन आवडीने कोण घेतो? त्यातच १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने या देशातल्या कितीतरी फिरत्या जमातींवर शिक्का मारला, बंजाऱ्यांच्या तांड्यांनाही त्याची झळ लागली. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. पण तोवर फौजदाराला तोंड देणे, हजेरीला माणसे उभी करणे आणि अमक्याची जबानी मी देतो म्हणून पुढे होणे, हेही नायकाच्याच वाट्याचे काम होऊन बसले होते.

अशा वेळी चतुरसिंग राठोड नावाच्या नायकाने पुसदच्या डोंगरात आपला तांडा बसवला. तीच गहुली. नावात गहू असला तरी जमीन ज्वारी-कपाशीची. चतुरसिंगांचा मुलगा फुलसिंग. तोही नायक झाला, शेती वाढवली, घराला नाव आले. पुसदला फुलसिंग नाईक महाविद्यालय आहे ते यांच्याच नावाचे. तिथली मुले रोज त्या पाटीखालून जातात, पण त्यातले नाईक हे आडनाव नसून एका कामाचे नाव होते हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल कुणास ठाऊक.

फुलसिंगांचे थोरले राजूसिंग, धाकटे हाजूसिंग. हाजूसिंगांचा जन्म १ जुलै १९१३ चा. त्यांनाच पुढे महाराष्ट्र वसंतराव नाईक म्हणून ओळखू लागला. तांड्यात शाळा नव्हती. या गावात दोन वर्षे, त्या गावात दोन वर्षे असे करीत प्राथमिक शिक्षण झाले, मग अमरावती, नागपूर. १९३८ साली मॉरिस कॉलेजातून बी. ए., १९४० साली वकिली. १९४१ साली त्यांनी नागपूरच्या घाटे घराण्यातील वत्सलाबाईंशी लग्न केले. मुलगी ब्राह्मणाची, मुलगा तांड्याच्या नायकाचा. दोन्हीकडे केवढी खळबळ माजली असेल हे आजच्या वाचकालाही सांगावे लागू नये. नायकाच्या घरात नियम मोडला तर नसाबेत बसून इतरांना दंड कोणत्या तोंडाने करायचा? पण घर टिकले, नावही टिकले.

इथे थोडे बाजूला जाऊन देशमुखीचे काय झाले ते पाहू, म्हणजे नाईकीचे वेगळेपण कळेल. परगण्याचा देशमुख सारा गोळा करी, देशपांड्या हिशेब ठेवी, आणि त्याबद्दल त्यांना रुसूम मिळे. इंग्रज आले, त्यांनी तहसीलदार नेमला, पाटलाकडून सारा थेट तहसिलीत घेतला. देशमुखाला काम उरले नाही. रुसुमाच्या बदल्यात त्याला पेन्शन मिळाली. काम गेले, पैसा काही काळ राहिला, नाव मात्र कायमचे राहिले.

हेच इंग्रजांनी आपल्या घरी आधी केले होते. स्कॉटलंडच्या डोंगरी मुलखात क्लॅन नावाची कुळे होती. कुळाचा मुख्य न्याय करी, लढाईला माणसे नेई, दुष्काळात कुळाला सांभाळी. त्याची पदवी बापाकडून मुलाकडे जाई. १७४६ साली कलोडनच्या लढाईत ती कुळे हरली आणि पुढच्याच वर्षी कायदा करून मुख्यांचे वंशपरंपरेचे न्यायाचे अधिकार काढून घेतले, अधिकारवाल्यांना भरपाई दिली. झाले काय? पदवी राहिली, जमीन राहिली, जबाबदारी गेली. कालचा कुळाचा बाप नुसता जमीनदार झाला. पुढच्या शे-सव्वाशे वर्षांत अशा कितीतरी जमीनदारांनी मेंढ्यांत जास्त पैसा आहे असे पाहून आपल्याच कुळातली माणसे जमिनीवरून उठवली, आणि ती माणसे बोटीत बसून कॅनडाला, अमेरिकेला गेली. त्या मुख्यांचे वंशज अजून आहेत, पदवीही लावतात.

आता पुन्हा पुसदकडे येऊ. वसंतराव नाईक १९४६ साली पुसदचे नगराध्यक्ष झाले. १९५२ साली जुन्या मध्य प्रदेशच्या विधानसभेत निवडून गेले आणि तिथे महसूल खात्याचे उपमंत्री होते. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला. सहकार, मग शेती ही खाती त्यांच्याकडे आली आणि १९६० साली महाराष्ट्र झाल्यावर ते महसूलमंत्री झाले. १९६० ते १९६३ ही तीन वर्षे मला या सगळ्या हकिगतीत सर्वांत महत्त्वाची वाटतात. मुख्यमंत्री म्हणून ते अकरा वर्षांहून अधिक काळ होते, ५ डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५. लोक ते सांगतात. महसूलमंत्री म्हणून काय झाले ते फारसे कुणी सांगत नाही.

१९६१ साली शेतजमिनीच्या कमाल मर्यादेचा कायदा झाला. वडिलांकडून कितीही जमीन आली असो, अमुक एकरांच्या वर ठेवता येणार नाही, हे त्याने ठरवले. त्याच सुमारास लोकशाही विकेंद्रीकरणाची समिती वसंतरावांच्याच अध्यक्षतेखाली बसली. १९६१ च्या मार्चमध्ये तिचा अहवाल आला, त्यावरून जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद ही तीन मजली रचना उभी राहिली. आज तुमच्या गावी येणारा विस्तार अधिकारी हा त्याच रचनेतला माणूस. आणि १९६२ साली महसुली पाटलाचे पद बंद करणारा कायदा झाला. पिढ्यान्‌पिढ्यांची पाटीलकी दफ्तरातून उतरली. पुढे १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने पोलीस पाटील आला तो नेमणुकीचा, बापाचा मुलगा म्हणून नव्हे.

ज्याचे आडनावच वंशपरंपरेची पदवी आहे, त्या माणसाच्या मंत्रिपदाच्या काळात वंशपरंपरेची पाटीलकी संपली. कुणी म्हणेल हे कायदे एका माणसाचे नसतात, विधिमंडळाचे असतात. खरे आहे. दिल्लीचे धोरणच तसे होते, हेही खरे. परंतु गादीवर बसलेल्या माणसाला दुसऱ्याची गादी हलवताना आपल्या गादीचा विचार येत नाही असे होत नाही. मला असे वाटते की नाईकी ही गादी नव्हती म्हणूनच ते झाले. गहुलीच्या नाईकांकडे इनामपत्र नव्हते, रुसूम नव्हता, दफ्तरात कॉलम नव्हता. जे सरकारने दिलेच नाही ते सरकार काढून कसे घेणार? पाटीलकी एका कायद्याने गेली. नाईकी आजही तांड्यात आहे.

मुख्यमंत्री म्हणून त्यांनी केलेले शेतीचे काम या साप्ताहिकाच्या वाचकांना माहीत आहे. १९६५-६६ चा दुष्काळ, परदेशी मिलोवर जगायची पाळी, आणि त्यानंतर संकरित ज्वारीचा जोर. १९६८ साली राहुरी, १९६९ साली अकोला, १९७२ साली परभणी आणि दापोली अशी कृषी विद्यापीठे उभी राहिली. १९७२ चा दुष्काळ तर ज्यांनी पाहिला ते विसरलेले नाहीत. रोजगार हमीचे काम त्याच काळात पुढे आले, कापसाची एकाधिकार खरेदीही. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. १ जुलै हा त्यांचा जन्मदिवस राज्यात कृषी दिन म्हणून पाळतात. परभणीच्या विद्यापीठाला २०१३ पासून त्यांचे नाव आहे.

त्यांच्यानंतर पुतणे सुधाकरराव, राजूसिंगांचे चिरंजीव. जिल्हा परिषदेच्या अध्यक्षपदापासून वर चढत ते १९९१ ते १९९३ मुख्यमंत्री होते. जलसंधारणाचे स्वतंत्र खाते १९९२ साली त्यांच्या काळात निघाले. १० मे २००१ रोजी ते वारले, तो दिवस जलसंधारण दिन म्हणून पाळला जातो. मुरमाड उतारावर वाढलेल्या माणसाला पाणी अडवण्याचे महत्त्व पुस्तकातून शिकावे लागत नाही. १९५२ पासून आजपर्यंत पुसदची आमदारकी बहुतेक काळ याच घरात राहिली आहे, काका, पुतण्या आणि पुढची पिढी. आता ही पदवी आहे की निवडणूक? चहाच्या टपरीवर यावर वाद घालणारे पुसदला दोन्ही बाजूंचे भेटतील. एक म्हणतो, लोक दर पाच वर्षांनी मत देतात. दुसरा म्हणतो, मत देतात पण आडनाव पाहून देतात. माझे म्हणणे असे की जुन्या तांड्यातही वाट न जाणणाऱ्या नायकाला सोडून जायची मोकळीक होती. ती मोकळीक आज मतपेटीत आहे. ती वापरायची की नाही हे लोकांचे काम आहे.

परंतु मोठ्या घराण्याबद्दल एवढे लिहिल्यावर लहान नायकांबद्दल लिहिले नाही तर हा लेख लंगडा राहील. पुसद, दिग्रस, महागाव, उमरखेड, दारव्हा, आर्णी इकडे तांड्या-तांड्यात नायक आणि कारभारी आहेत. बहुतेकांकडे तीन-चार एकर कोरडवाहू. ज्वारी गेली, सोयाबीन आले, कपाशी आणि तूर आहेच. लग्नाची सुपारी नायकाशिवाय फुटत नाही. होळीला लेंगी म्हणत फिरणारे आधी त्याच्या दारी जातात. पंचायत निवडून येते, सरपंच दुसरा कुणी असतो, आणि तरीही भांडण मिटवायला नायकाचाच ओटा लागतो.

एका तांड्यात आमच्या खात्याचे बांधबंदिस्तीचे काम निघाले होते. समपातळीचा बांध घातला की जास्तीचे पाणी बाहेर काढायला सांडवा ठेवावा लागतो, आणि तो कुणाच्या वावरातून काढायचा यावर दर ठिकाणी रडगाणे असते. आमच्या आखणीप्रमाणे सांडवा एका विधवा बाईच्या दीड एकरातून जात होता. दुसरी वाट होती ती नायकाच्या शेतातून. अंतर थोडे जास्त, खर्चही थोडा जास्त, पण उतार साधत होता. मंडळी जमली. म्हातारा नायक ओट्यावर बसून विडी ओढत होता. बाई काही बोलली नाही, पदर तोंडाला लावून उभी होती. कारभाऱ्याने दोन्ही बाजू सांगितल्या. नायक म्हणाला, "साहेब, पानी माह्या वावरातून काढा." त्याचा मुलगा चिडला. आपली तीन गुंठे जमीन जाते, असे तो म्हणाला. म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलेही नाही. मला म्हणाला, "मले नायक म्हन्तेत ते फुकट म्हन्तेत काय?" सांडवा तिथून निघाला. ती तीन गुंठे गेली ती गेलीच, त्याची भरपाई कुठल्या कागदावर बसत नव्हती.

आता त्या म्हाताऱ्याचा मुलगा नायक आहे. आणि तांड्यापुढे दुसराच नायक उभा राहिला आहे, त्याचे नाव मुकादम. दसरा-दिवाळी झाली की या डोंगरातल्या कितीतरी तांड्यांतून ऊसतोडीला माणसे निघतात, पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे. पावसाळ्यातच मुकादमाने उचल दिलेली असते. ती मुलीच्या लग्नात, बियाण्याच्या उधारीत, दवाखान्यात संपलेली असते. मग नवरा-बायको मिळून कोयता, पाच-सहा महिने. बाहेरून पाहिले तर लदेणीसारखेच दिसते. तांडा निघाला, पुढे एक माणूस, मागे सामानसुमान, पोरेबाळे, कुत्री. परंतु लदेणीत बैल तांड्याचे होते, माल तांड्याचा होता, आणि वाटेत बैल पडला तर नायकाचाही पडत होता. ट्रकमधून निघालेल्या या तांड्यात माणसाकडे फक्त कोयता असतो आणि अंगावर उचल असते. नुकसान झाले तर ते त्याचे एकट्याचे. मुकादमही सगळेच वाईट नाहीत, बऱ्याच जणांना त्यांनीच वर कारखान्याकडून उचल घेतलेली असते आणि माणसे पळाली तर तेही बुडतात. पण मुकादमाला माणसे मोजायची असतात ती कोयत्यात. किती कोयते आहेत तुझ्याकडे, असाच प्रश्न असतो. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको.

गेल्या हंगामाच्या आधी मी त्याच तांड्यात होतो. सोयाबीनची कापणी झाली होती, तूर फुलावर होती. ट्रक यायला चार दिवस होते. नवा नायक, पस्तिशीचा, शाळेच्या मास्तरांबरोबर घरोघर फिरत होता. जी मुले आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहू शकतील त्यांची यादी करायची होती. एका घरी बाप तयार होता, आई नाही म्हणत होती. पोरगी नऊ वर्षांची, चौथीत. तिला नेली तर खोपीवर धाकट्याला सांभाळायला होते. नायक तिथे बराच वेळ बसून राहिला. काय काय बोलला ते गोरबोलीत होते, मला निम्मे कळले. शेवटी धाकट्याला आपल्या आईजवळ ठेवायचे त्याने कबूल केले आणि मास्तरांना म्हणाला, लिहा. मास्तरांनी नाव लिहिले. मग नायकाने हाताची बोटे मोजली, सतरा झाली, आणि तो पुढच्या घराकडे निघाला.